अग्निशामकांची पदके: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भायखळ्याला मुंबई अग्निशमन दलाचे मुख्यालय आहे. तिथून पूर्वेला, बंदराच्या दिशेने निघाले की माझगाव लागते. इथे एकीकडे माझगाव डॉकमध्ये युद्धनौका बांधल्या जातात, तर दुसरीकडे दारूखान्यात जुनी जहाजे आणि भंगार गॅस कटरने कापले जाते. मधल्या माथारपाखाडीत अरुंद गल्ल्या आणि जुनी लाकडी घरे अजून टिकून आहेत. बंबाची घंटा या वस्तीला नवी नाही. २१ जून २०१९ रोजी माझगाव डॉकमध्ये बांधणी सुरू असलेल्या ‘विशाखापट्टणम’ युद्धनौकेवर आग लागली आणि एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी माझगावच्याच जीएसटी भवनाचे वरचे मजले जळाले. दोन्ही वेळा लोकांनी रस्त्यावर उभे राहून अग्निशामकांचे काम पाहिले.

तरीही प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन तोंडावर आला आणि पदकविजेत्या अग्निशामकांची यादी जाहीर झाली की ठरावीक वाक्ये कानावर येतात. कोणी म्हणते, मेल्याशिवाय पदक मिळत नाही. कोणी म्हणते, साहेबांची सोय आहे. कोणाला पदक म्हणजे लाखोंचे बक्षीस वाटते. ही वाक्ये बोलणारी माणसे अग्निशामकांच्या विरोधात नसतात, उलट बहुतेकांच्या मनात त्यांच्याविषयी आदरच असतो. पण चुकीच्या माहितीवर उभा असलेला आदर फार काळ टिकत नाही. म्हणून यातली एकेक समजूत तपासून पाहणे गरजेचे आहे.

गैरसमज: १४ एप्रिलला अग्निशामकांना राष्ट्रपतींची पदके दिली जातात.

पदके या दिवशी जाहीर होत नाहीत. ती प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या दोन निमित्तांनी जाहीर होतात. १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन आहे आणि तो स्मरणाचा दिवस आहे. या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात संचलन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, शाळांत आणि सोसायट्यांत प्रात्यक्षिके होतात. गणवेशावर पदके लावलेले अधिकारी त्या दिवशी ओळीने उभे दिसतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्यामुळे पदके तिथेच वाटली, असा समज होणे साहजिक आहे.

हा दिवस निवडला गेला तो मुंबईच्या गोदीमुळे. १४ एप्रिल १९४४ रोजी माझगावच्या दक्षिणेला लागून असलेल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. बर्कनहेडहून निघालेले हे जहाज कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्यांच्यासोबत कापसाच्या हजारो गाठी होत्या, तेलाची पिंपे होती, लाकूड होते, आणि सोन्याच्या विटांच्या पेट्याही होत्या. दुपारी जहाजाच्या दोन क्रमांकाच्या कोठारात आग असल्याचे लक्षात आले. अग्निशामकांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. आत सोडलेले पाणीच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी त्याहून मोठा दुसरा. १२ किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. जळत्या कापसाच्या गाठी मांडवी, मशीद बंदर आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर कोसळल्या. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितला जातो आणि सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. या स्फोटांत ६६ अग्निशामक मारले गेले. देशभर पाळला जाणारा हा दिवस या ६६ जणांचा आहे. त्याला पदकवाटपाचा समारंभ समजले की हे ६६ जण नजरेआड होतात. हा गैरसमज खोडणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

गैरसमज: तो स्फोट जपानी हल्ला होता किंवा घातपात, अग्निशामक बिचारे नकळत सापडले.

या समजुतीला त्या काळाचा भक्कम आधार होता. महायुद्ध ऐन भरात होते. जपानी फौजा आणि आझाद हिंद सेना इम्फाळच्या आघाडीवर होत्या आणि योगायोग असा की मणिपूरमधल्या मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला तो याच तारखेला, १४ एप्रिल १९४४ रोजी. ब्रिटिश सरकारने स्फोटाच्या बातम्यांवर सेन्सॉर बसवला आणि पहिला तपशीलवार वृत्तान्त आला तो जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून, दुसऱ्या दिवशी. स्वतःचे सरकार बोलत नाही आणि शत्रूचा रेडिओ सगळे सांगतो, अशा वेळी मुंबईकरांना संशय आला नसता तरच नवल.

चौकशीत मात्र वेगळे चित्र पुढे आले. आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत होते आणि पुढचे सगळे निष्काळजीपणाने घडले. दारूगोळ्याच्या खाली कापूस रचला होता. जहाजावर धोकादायक माल आहे हे सांगणारा लाल बावटा लावलेला नव्हता. स्फोटके उतरवून घ्यायला उशीर झाला. आग दाबण्यासाठी वाफ सोडण्याची सोय वापरली गेली नाही. आणि अग्निशमन दलाला वर्दी उशिरा दिली गेली. या यादीतली एकही चूक होज हातात धरलेल्या माणसाची नाही.

‘नकळत सापडले’ हेही खरे नाही. जहाजात स्फोटके आहेत ही माहिती घटनास्थळी आलेल्या दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचली होती. त्यानंतरही पाण्याचा मारा थांबला नाही. जहाज खोल पाण्यात ओढून न्यायचे की जागेवरच बुडवायचे, याचा निर्णय बंदर आणि जहाजाच्या अधिकाऱ्यांच्या हातात होता. तो निर्णय होईपर्यंत आगीला रोखून धरणे हे अग्निशामकांचे काम होते आणि ते त्यांनी स्फोटाच्या क्षणापर्यंत केले. त्यांना अजाण बळी म्हणण्यात कणव असेल, पण त्यांनी जे जाणून केले त्याचे श्रेय त्यामुळे काढून घेतले जाते.

गैरसमज: कर्तव्यावर मृत्यू आला की शौर्यपदक आपोआप मिळते; जिवंत माणसाला ते मिळत नाही.

दोन्ही अर्धी विधाने चूक आहेत. शौर्यपदक मरणोत्तर देता येते. पण ते मृत्यूसाठी दिले जात नाही, कृतीसाठी दिले जाते. कोणी, कुठे, केव्हा, कोणत्या धोक्यात, नेमके काय केले हे शिफारशीत लिहावे लागते, सिद्ध करावे लागते आणि ती शिफारस एकेक पायरी चढून वर जावी लागते. शौर्यपदक मिळवणारे अनेक अग्निशामक दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर हजर होतात. त्यांची नावे लक्षात राहत नाहीत, कारण जिवंत माणसाच्या पदकाची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते आणि अंत्ययात्रेची पहिल्या पानावर. हा समज रुजला तो याच फरकामुळे.

मुंबईला ९ मे २०१५ ची काळबादेवीची आग आठवते. जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर काढले गेले आणि आगीशी झुंज सुरू असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच मृत्युमुखी पडले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले आणि त्याच महिन्यात दोघांचाही मृत्यू झाला. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, ही गोष्ट या शहराने कधी विसरू नये.

पण त्या चौघांचे मोठेपण कोणत्याही पदकावर अवलंबून नाही आणि १९४४ च्या ६६ जणांचेही नाही. पदक मिळाले नाही म्हणून शौर्य नव्हते, हा निष्कर्ष जितका चूक, तितकाच मृत्यू आला म्हणून पदकाचा हक्क झाला, हाही चूक. नुकसानभरपाई, कुटुंब निवृत्तिवेतन, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी हे कुटुंबाचे हक्काचे विषय आहेत. त्यासाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी वेळेवर होणे हे पदकापेक्षा कुटुंबाला अधिक गरजेचे असते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की पदकाची घोषणा होते आणि भरपाईचा प्रश्न मागे पडतो.

गैरसमज: आग विझवणे हे त्यांचे कामच आहे, पगार घेऊन केलेल्या कामाला पदक कशाला?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात तर्क आहे. शिक्षकाने शिकवले, कंडक्टरने तिकीट दिले म्हणून पदक मिळत नाही, मग अग्निशामकालाच का?

याचे उत्तर पदकाच्या नियमातच लिहिलेले आहे. जीव आणि मालमत्ता वाचवताना दाखवलेल्या असाधारण शौर्यासाठी हे पदक आहे आणि पत्करलेला धोका मोजताना त्या व्यक्तीची कर्तव्ये आणि जबाबदाऱ्या ध्यानात घ्यायच्या आहेत. म्हणजे ‘हे तर तुझे कामच होते’ हा आक्षेप नियम करणाऱ्यांनी आधीच मोजणीत धरला आहे. शिडी लावून चौथ्या मजल्यावरून माणूस उतरवणे हे प्रशिक्षित अग्निशामकाचे नेहमीचे काम आहे आणि त्याला शौर्यपदक मिळत नाही. कर्तव्याची रेषा जिथे संपते, तिथून पुढे गेलेले पाऊल पदकाच्या कक्षेत येते.

ती रेषा कुठे असते हे समजण्यासाठी श्वसनयंत्र पाहावे. पाठीवरच्या सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरली तर ती साधारण १,८०० लिटर होते. घरात बसलेल्या माणसाला ती बराच वेळ पुरेल, पण जड गणवेशात जिना चढणाऱ्या, होज ओढणाऱ्या माणसाची छाती भात्यासारखी चालते आणि तीच हवा अर्ध्या-पाऊण तासात संपते. दाब ठरावीक पातळीखाली गेला की शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की बाहेर पडायचे, हा नियम आहे. आत जाताना जोडीने जायचे, बाहेर पडतानाही जोडीने. धुराने भरलेल्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून भिंतीला हात लावून किंवा होजच्या आधाराने वाट शोधावी लागते. हवा किती उरली, परत जायला किती लागेल, आत कोणी हाक मारते आहे का, हा हिशेब काही सेकंदांत करून जो आणखी एका खोलीत शिरतो आणि तिथल्या माणसाला घेऊन बाहेर येतो, त्याचे पाऊल नेहमीच्या कामापलीकडचे असते. पगार त्याला पाळीवर हजर राहायला बांधील करतो. त्या आणखी एका खोलीत शिरायला कोणताही पगार बांधील करू शकत नाही.

कामाबाहेरच्या शौर्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, हेही इथे सांगायला हवे. जीवन रक्षा पदक हा सन्मान कोणत्याही नागरिकाला मिळू शकतो. बुडणाऱ्याला वाचवणे, विजेचा धक्का बसलेल्याला सोडवणे, आगीतून बाहेर काढणे, दरडीखालून काढणे अशा कृत्यांसाठी तो आहे. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक अशा त्याच्या तीन श्रेणी आहेत. अग्निशामकालाही तो मिळू शकतो, पण कृती कर्तव्याबाहेर केलेली असावी लागते. सुट्टीवर गावी गेलेल्या जवानाने नदीत उडी मारून मुलाला वाचवले तर त्याचा विचार या मालिकेत होतो. वर्दीवर असताना केलेले शौर्य अग्निशमन सेवेच्या पदकांच्या कक्षेत येते. दोन्ही व्यवस्था एकमेकींना पूरक आहेत.

गैरसमज: जो मागचापुढचा विचार न करता आगीत उडी घेतो तोच खरा शूर.

सिनेमाने हा समज घट्ट केला. पडद्यावरचा नायक मास्क न लावता ज्वाळांतून धावतो आणि बाळाला कवटाळून बाहेर येतो. प्रत्यक्षात बहुतेक जीव जातात ते धुराने, ज्वाळांपर्यंत पोचण्याआधीच. बंद खोलीतल्या वस्तू तापून एका क्षणी सगळ्या एकदम पेट घेतात आणि त्या क्षणी आत असलेल्याला, गणवेश असला तरी, वाचायला जेमतेम काही सेकंद मिळतात. तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पोचले की पोलादी तुळईची ताकद जवळपास निम्मी होते. आपल्या जुन्या लाकडी इमारतींत तुळया आतून जळत जातात आणि बाहेरची भिंत शेवटपर्यंत शाबूत दिसते. गिरगाव, काळबादेवी, माझगावच्या गल्ल्यांत काम करणाऱ्या अधिकाऱ्याला ही इमारत अजून किती वेळ उभी राहील, याचा अंदाज सतत घ्यावा लागतो आणि तो दर वेळी बरोबर येईलच असे नाही.

म्हणून दलात बेपर्वाईला शौर्य मानत नाहीत. आत अडकलेला अग्निशामक म्हणजे सुटका करायची आणखी एक व्यक्ती आणि त्याला काढायला जाणारे आणखी दोघे धोक्यात. धोका पूर्ण ओळखून, तो कमी करण्याचे सगळे उपाय योजून, उरलेला पत्करणे याची नोंद पदकाच्या शिफारशीत होते. माणसे मागे घेण्याचा योग्य वेळी दिलेला हुकूमही तितकाच मोठा असतो. दुर्दैवाने त्याचे छायाचित्र निघत नाही.

गैरसमज: आग विझवली तरच अग्निशामकाला पदक मिळते.

नाही. निकष जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा आहे आणि मुंबईच्या दलाला येणाऱ्या वर्द्यांत घरे कोसळणे, दरडी, पूर, वायुगळती, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे हे सगळे असते. माझगावला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. तिथे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. ६१ जण मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्याखालून माणसे जिवंत काढण्याचे काम अग्निशमन दलाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासोबत केले. तिथे ज्वाळा नव्हत्या. पण डोक्यावर लटकणाऱ्या स्लॅबखाली सरपटत जाण्याचा धोका आगीइतकाच खरा होता.

गैरसमज: फायर ब्रिगेड पोलिसांचाच भाग आहे, पदकही पोलिसांचेच, यांना उरलेसुरले.

या समजुतीच्या पोटात खरा इतिहास आहे. मुंबईत आग विझवण्याचे काम एकोणिसाव्या शतकात बराच काळ पोलिसांकडेच होते. १ एप्रिल १८८७ पासून ते महापालिकेकडे आले आणि आजही दल महापालिकेचेच आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत नोंदलेली आहे. त्यामुळे पोलीस राज्य सरकारचे आणि बंब महापालिकेचे, अशी विभागणी आहे.

पदकांच्या बाबतीतही एकत्र असण्याचा वारसा आहे. ब्रिटिश काळात १९०९ साली सुरू झालेल्या किंग्ज पोलीस मेडलचे नाव १९४० साली बदलून त्यात अग्निशमन सेवा जोडली गेली. विमानहल्ल्यांच्या त्या वर्षांत अग्निशामकाचे काम आघाडीवरच्या सैनिकाइतके धोक्याचे झाले होते. स्वतंत्र भारतात १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक सुरू झाले, तेही दोन्ही सेवांसाठी एकच होते. ब्रिटनने १९५४ साली दोन पदके वेगळी केली. भारतातही पुढे अग्निशमन सेवेची स्वतंत्र पदके आली. शौर्यासाठी दोन आणि सेवेसाठी दोन, अशी त्यांची रचना होती.

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीपासून हे चित्र पुन्हा बदलले. पोलीस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची मिळून सोळा पदके होती. ती एकत्र करून चार केली गेली: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. त्यामुळे आज पोलीस हवालदार आणि अग्निशामक यांच्या शौर्याला एकाच नावाचे, एकाच दर्जाचे पदक मिळते. यात उरलेसुरले काही नाही. यादीत पोलिसांची नावे जास्त दिसतात त्याचे एक साधे कारण देशातले पोलीस बळ अग्निशमन दलांपेक्षा कितीतरी मोठे आहे, हे आहे.

गैरसमज: सेवापदक म्हणजे निवृत्तीची भेट आणि तीही फक्त साहेबांना.

शौर्यपदक आणि सेवापदक यांत गल्लत झाली की हा समज तयार होतो. सेवापदक एका घटनेसाठी नसते. विशिष्ट सेवेचे पदक सेवेतल्या असामान्य कामगिरीच्या नोंदीसाठी आहे. गुणवत्तापूर्ण सेवेचे पदक साधनसंपन्न बुद्धी आणि कर्तव्यनिष्ठा यांसाठी आहे. दोन्हींसाठी दीर्घ आणि निष्कलंक सेवा पाहिली जाते. एवढी सेवा झालेला माणूस साहजिकच वयाने आणि हुद्द्याने पुढे गेलेला असतो. म्हणून यादीत अधिकारी ठळक दिसतात आणि निवृत्ती जवळ आलेली असते. वरच्या हुद्द्यांची कामगिरी कागदावर जास्त नोंदली जाते, ही तक्रार मात्र सरसकट फेटाळण्यासारखी नाही. फायरमन, यंत्रचालक, लीडिंग फायरमन यांच्या कामाची नोंद नेटाने ठेवणे ही प्रत्येक केंद्राची जबाबदारी आहे आणि ती पार पडली तरच त्यांची नावे वर जातील.

सेवेचे मोल कमी लेखण्यामागे आणखी एक कारण आहे. लागलेली आग सगळ्यांना दिसते, न लागलेली कोणालाच दिसत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली झाला. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करायचे असते. जिन्यात रचलेले सामान हटवायला लावणे, कोरडा पडलेला हायड्रंट चालू करून घेणे, नव्या भरतीला शिकवणे, नवी शिडी आली की तिच्यावर पंचवीस वेळा सराव घेणे, या कामांत माणसाची पंचवीस-तीस वर्षे जातात. नागपूरला १९५७ पासून असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकून आलेले अधिकारी जे ज्ञान आणतात, ते केंद्रातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे हीदेखील सेवाच आहे. कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. आगीनंतरच्या शौर्याने भरून येत नाही असे ते नुकसान होते. ते टाळणारे काम सेवापदकाच्या पूर्ण लायकीचे आहे.

गैरसमज: पदकासोबत लाखो रुपये आणि घर मिळते, राष्ट्रपती स्वतः ते छातीवर लावतात.

शौर्यपदकासोबत नियमानुसार विशेष भत्ता मिळतो, सेवापदकासोबत तोही नसतो. खेळाडूंना जाहीर होणाऱ्या मोठ्या बक्षिसांच्या बातम्यांमुळे लोकांचा हा अंदाज चुकतो. राष्ट्रपती पदक मंजूर करतात, पण देशभरातल्या विजेत्यांना ते बहुधा नंतर राज्यांतल्या समारंभांत प्रदान केले जाते. घोषणा आणि प्रदान यांत बरेच अंतर असू शकते, त्यामुळे ‘नुसती घोषणा झाली, दिले काहीच नाही’ ही कुजबुजही निराधार असते.

गैरसमज: सगळे दिल्लीत ठरते, सामान्य माणसाचा यात काही संबंध नाही.

मंजुरी दिल्लीत मिळते, पण सुरुवात घटनास्थळी होते. केंद्रातून दलाच्या प्रमुखांकडे, तिथून महापालिकेकडे, मग राज्य शासनाकडे आणि शेवटी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, असा शिफारशीचा प्रवास असतो. या प्रवासात नाव टिकते ते पुराव्यावर. आणि धुराने भरलेल्या जिन्यात काय घडले, हे पाहणारा साक्षीदार बहुतेक वेळा वाचलेला रहिवासीच असतो. ज्याला हाताला धरून अग्निशामकाने बाहेर काढले त्याने ते कुठेच लिहून दिले नाही, तर वर्दीच्या नोंदवहीत ‘एक इसम सुखरूप बाहेर काढला’ एवढीच ओळ राहते.

आपल्या इमारतीत, चाळीत, गोदामात अग्निशामकांनी कोणाला वाचवले असेल, तर आठवडाभरात त्या केंद्राच्या नावे आणि दलाच्या प्रमुखांच्या नावे एक सहीचे पत्र द्यावे. तारीख, वेळ, मजला, आत किती धूर होता, कोण आत आले, त्यांनी काय केले, हे जसे पाहिले तसे लिहावे. विशेषणे नकोत, घटना हवी. माझगावचे दारूखान्यातले कामगार, माथारपाखाडीतली कुटुंबे, गोदीतले कर्मचारी या सगळ्यांनी ही सवय लावून घेतली तर पुढच्या यादीत ज्यांची नावे यायला हवीत, ती येण्याची शक्यता वाढेल.